एका पेल्यापासून एका पिंपापर्यंत

काही वर्षांपूर्वी आम्ही एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या गावातील माध्यमिक शाळेत गेलो होतो. विषय होता 'रासायनिक उद्योगातील व्यवसाय'. बरोबर नेहमीचे सामान होते: रंग बदलणारी द्रावणे, फसफसून बाहेर येणारा खाण्याचा सोडा, चुन्याच्या निवळीत फुंकायची नळी. नववीचा वर्ग खूष होता. शेवटी आम्ही सांगितले, की अशाच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडवून आणून रासायनिक अभियंते खते, औषधे, साबण, रंग तयार करतात. तेव्हा तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, "सर, मग आमच्या ओढ्यात लाल पाणी सोडतात तेही तेच ना?"

वर्ग हसला. शिक्षकांनी तिला खाली बसायला सांगितले आणि आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. परतीच्या वाटेवर मात्र लक्षात आले, की तासभर जे दाखवले त्यात रासायनिक अभियांत्रिकी औषधालाही नव्हती. होते ते रसायनशास्त्र, आणि तेही जादूच्या प्रयोगांसारखे. त्या मुलीचा प्रश्नच काय तो आमच्या विषयातला होता.

त्यानंतर आम्ही ती पेटी बाजूला ठेवली आणि नव्याने काही कृती जुळवल्या. त्यांत परीक्षानळीतील रासायनिक क्रिया जवळजवळ नाहीत. शाळेत, घरात, गुऱ्हाळावर जे चालते त्यातूनच हा विषय उभा राहतो असा आमचा अनुभव आहे. आठवी ते दहावीच्या वर्गांत त्या करून पाहिल्या आहेत. काही फसल्या, तेही सांगतो.

आठशे मुलांचे सरबत

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करतो. एक पेला लिंबू सरबत कसे करायचे? अर्धे लिंबू, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, पाणी, आणि चमच्याने ढवळायचे. हे सर्वांनाच येते. आता पंधरा ऑगस्टला शाळेतील आठशे मुलांना सरबत द्यायचे आहे. कसे कराल?

बहुतेक मुले लगेच गुणाकार करतात. पेल्यात २०० मिलिलीटर धरले तर १६० लीटर सरबत, ४०० लिंबे, पेल्याला २० ग्रॅम या हिशेबाने १६ किलो साखर. गुणाकार बरोबर आहे, पण सरबत अजून झालेले नाही. एक लिंबू कापून पिळायला पंधरा सेकंद धरा. चारशे लिंबांना सहा हजार सेकंद, म्हणजे एका माणसाला एक तास चाळीस मिनिटे, तीही हात न दुखता. पेल्यात चमचा फिरतो, पिंपात काय फिरवणार? साखर आधी घालायची की नंतर? पिंपातून काढायचे कसे, वरून मगाने की खाली तोटी लावून?

एका शाळेने हे खरोखर करून पाहिले. पिंपात पाणी भरले, वरून साखर ओतली, लांब काठीने ढवळले आणि मगाने वाटायला सुरुवात केली. पाचवीच्या मुलांना आंबट पाणी मिळाले आणि सर्वांत शेवटी आलेल्या दहावीच्या मुलांना पाक. साखर तळाशी बसली होती. दुसऱ्या वर्षी मुलांनी स्वतःच तोड काढली: सोळा किलो साखर आठ लीटर गरम पाण्यात आधी विरघळवायची, तो पाक आणि लिंबाचा रस पिंपात घालायचा, मग उरलेले पाणी जोरात सोडायचे, म्हणजे पाणीच ढवळण्याचे काम करते. शीतपेयांच्या कारखान्यातही साखरेचा पाक वेगळा करून घेतात, हे आम्ही त्यांना नंतर सांगितले.

रासायनिक अभियंता काय करतो, याचे याहून सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. जे एका पेल्यात होते ते पिंपात आपोआप होत नाही. पेल्यात चांगले सरबत कसे लागते हे शोधणे रसायनतज्ज्ञाचे काम, आणि पिंपातला पहिला व शेवटचा पेला सारखाच लागेल, वेळेत होईल, परवडेल, कोणाला इजा होणार नाही, हे पाहणे अभियंत्याचे. पेनिसिलिनचेच पाहा. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी ते १९२८ मध्ये पाहिले. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये ते रुग्णांना दिले, तेव्हा ते पुरेसे मिळावे म्हणून बुरशी अक्षरशः रुग्णालयातील शय्यापात्रांमध्ये वाढवली जात होती. पसरट भांड्यात पृष्ठभागावर वाढणारी बुरशी हजारो लीटरच्या खोल टाकीत वाढवायची, तर तिला टाकीच्या तळापर्यंत निर्जंतुक हवा पुरवावी लागते, सतत ढवळावे लागते, तयार होणारी उष्णता काढून घ्यावी लागते. हा प्रश्न सुटला आणि अमेरिकेत १९४४ मध्ये मोठ्या टाक्यांतून पेनिसिलिन निघू लागले. त्या कारखान्यांच्या आखणीत मार्गारेट हचिन्सन रूसो यांचा मोठा वाटा होता. रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवणारी ही अमेरिकेतील पहिली स्त्री, वर्ष १९३७. 'प्लँटवर मुलींचे काम नाही' असे म्हणणारे पालक अजून भेटतात, त्यांना आम्ही हे सांगतो. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, त्यामागेही हेच तंत्र होते.

सरबताच्या कृतीचा दुसरा भाग मुलांना कमी आवडतो, पण आम्हाला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. सर्व काही वजन करून घ्यायचे. आलेली लिंबे, निघालेला रस, उरलेली साले आणि बिया. एका वर्गात १६ किलो लिंबे आली. रस निघाला ५ किलो ८०० ग्रॅम, साले व बिया ९ किलो ६०० ग्रॅम. बेरीज १५ किलो ४०० ग्रॅम. सहाशे ग्रॅम गेले कुठे? मुलांनी शोध घेतला. थोडे हातांना लागले, थोडे टेबलावर सांडले, गाळण्याच्या फडक्याने शोषले, काही वाळले, आणि दोन लिंबे एका मुलाच्या खिशात सापडली.

या हिशेबाला पदार्थांचा ताळेबंद म्हणतात. रासायनिक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्गात हाच शिकवतात आणि आयुष्यभर तो सुटत नाही. कारखान्यात जेवढे वजन आत गेले तेवढे कोणत्या ना कोणत्या वाटेने बाहेर आलेच पाहिजे. मालाच्या पोत्यात नसेल तर ते हवेत असते, मातीत असते किंवा ओढ्यात असते. लाल पाण्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आम्ही हे उत्तर द्यायला हवे होते. ओढ्यातला रंग म्हणजे कोणाच्या तरी वहीत न जुळलेला ताळेबंद.

हे केवळ बोलण्यापुरते नाही. जॉर्ज डेव्हिस या इंग्रज गृहस्थांनी १८८७ मध्ये मँचेस्टरच्या तंत्रशाळेत बारा व्याख्याने देऊन या विषयाची पहिली मांडणी केली. हे डेव्हिस कोण, तर कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी निरीक्षक. धुण्याचा सोडा तयार करणारे त्या काळचे कारखाने हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सरळ हवेत सोडत. भोवतालची झाडे जळत, खिडक्यांचे लोखंड गंजे. म्हणून १८६३ मध्ये तेथे कायदा झाला, की या वायूपैकी निदान ९५ टक्के पकडला गेला पाहिजे. निरनिराळे कारखाने तपासताना डेव्हिस यांच्या ध्यानात आले, की माल कोणताही असो, त्यामागची कामे तीच ती आहेत: तापवणे, आटवणे, गाळणे, धुणे, वाळवणे, वायू पाण्यात शोषून घेणे. ती एकदा नीट शिकली की कोणत्याही कारखान्यात उपयोगी पडतात. आमचा विषय असा प्रदूषणाच्या तपासणीतून आला आहे. पुढे तो हे वारंवार विसरला, ही गोष्ट वेगळी.

स्पंज खंगाळणे

आता आमची सर्वांत आवडती कृती. तिला लागते फक्त फोमचा स्पंज, खाण्याचा लाल रंग, चार-पाच भांडी आणि मोजपात्र.

स्पंजाचा असा तुकडा घ्या, की तो पिळून ठेवल्यावर त्यात सुमारे ५० मिलिलीटर पाणी उरेल. हे वजन करून ठरवता येते. तो रंगीत पाण्यात बुडवून पिळा. आता त्यात ५० मिलिलीटर रंगीत पाणी आहे. तो स्वच्छ करायला तुम्हाला ४५० मिलिलीटर पाणी दिले आहे. कसे वापराल?

एक गट सगळे पाणी एकदम घेतो, स्पंज त्यात चांगला दाबून-सोडून पिळून काढतो. ५० मिलिलीटरमधला रंग आता ५०० मिलिलीटरमध्ये पसरला, म्हणून स्पंजात दहावा हिस्सा रंग उरतो. दुसरा गट पाण्याचे तीन भाग करतो, प्रत्येकी १५० मिलिलीटर, आणि स्पंज तीनदा खंगाळतो. प्रत्येक वेळी ५० चे २०० होतात, म्हणजे रंग चौथा हिस्सा उरतो. तीन वेळा चौथा हिस्सा म्हणजे एक चौसष्टांश. पाणी तेवढेच, पण स्पंज सहा पटींहून जास्त स्वच्छ. मुलांना आधी अंदाज करायला सांगावा. 'पाणी तेवढेच, मग फरक कसा पडेल' असे म्हणणारे बरेच निघतात.

उत्तर पडताळून पाहायला उपकरण लागत नाही. मूळ रंगीत पाण्यातून १० मिलिलीटर घेऊन त्याचे १०० करा. हा झाला दहावा हिस्सा. १० चे ४० करा, त्यातल्या १० चे पुन्हा ४०, पुन्हा १० चे ४०. तिसऱ्या वेळी एक चौसष्टांश मिळतो. सारख्या परीक्षानळ्यांत ही द्रावणे सारख्या उंचीपर्यंत भरा, पांढऱ्या कागदावर उभी धरा आणि वरून पाहत स्पंजातून पिळलेल्या पाण्याशी रंग ताडून पाहा. मूळ रंग चांगला गडद हवा, नाहीतर शेवटच्या नळ्या सारख्याच दिसतात.

पहिल्यांदा आम्ही हे सुती रुमालावर पोटॅशियम परमँगनेट वापरून केले होते. परमँगनेटची सुती कापडाशी क्रिया झाली, तपकिरी डाग पडले आणि एका शिक्षकांचा रुमाल कायमचा गेला. नंतर शाई वापरली, तर तीही सुताला चिकटून बसली. म्हणून फोमचा स्पंज. पण वरच्या वर्गात मुद्दाम सुती कापडावर करून पाहायला हरकत नाही. गणित एक सांगते आणि कापड दुसरेच दाखवते, तेव्हा चर्चा रंगते.

आता खरी गंमत. दहा स्पंज धुवायचे आहेत. प्रत्येकी ४५० मिलिलीटर म्हणजे साडेचार लीटर पाणी लागेल. तेवढे पाणी नाही. काय करायचे?

ही कृती आम्ही मराठवाड्यातील एका शाळेत करत होतो. आम्ही फळ्याकडे वळून उत्तर लिहायला घेणार, तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "शेवटचे पाणी फेकायचे नाही. आमच्याकडे टँकर येतो, तेव्हा आई शेवटच्या खंगाळण्याचे पाणी दुसऱ्या कपड्यांना पहिल्यांदा वापरते." झाले. आम्ही जे दाखवायला गेलो होतो ते तिच्या घरी दर उन्हाळ्यात चालू होते. आम्ही खडू तिच्या हाती दिला.

तिच्या आईची रीत थोडी नेटकी केली की अशी होते: तीन भांडी ओळीने ठेवा, प्रत्येकात १५० मिलिलीटर पाणी. पहिला स्पंज पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या भांड्यातून न्या. आता पहिल्या भांड्यातले पाणी फेकून द्या. दुसरे भांडे पहिल्या जागी सरकवा, तिसरे दुसऱ्या जागी, आणि तिसऱ्या जागी ताज्या पाण्याचे भांडे ठेवा. पुढचा स्पंज पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत. स्पंज एका दिशेने जातात, पाणी उलट दिशेने येते. सर्वांत मळका स्पंज सर्वांत मळक्या पाण्याला भेटतो आणि जवळजवळ स्वच्छ झालेला स्पंज कोऱ्या पाण्याला.

पहिल्या स्पंजाला तिन्ही भांडी कोरी असतात, म्हणून तो एक चौसष्टांशावर जातो. पुढचे थोडे कमी स्वच्छ निघतात, पण घसरण लवकरच थांबते आणि उरलेला रंग एक चाळिसांशावर स्थिरावतो. दहावीची हुशार मुले हे बीजगणिताने काढू शकतात. तिसऱ्या भांड्यातल्या पाण्यात रंगाचे प्रमाण 'क' माना. प्रत्येक भांड्यापाशी आत आलेला रंग आणि बाहेर गेलेला रंग सारखा ठेवला, तर दुसऱ्यात ४क, पहिल्यात १३क आणि येणाऱ्या स्पंजात ४०क येते. पुन्हा ताळेबंदच. आणि पाणी किती लागले? पहिल्या स्पंजाला ४५०, पुढच्या नऊ स्पंजांना प्रत्येकी १५०. एकूण १८०० मिलिलीटर. साडेचार लीटरच्या जागी पावणेदोन लीटरहून थोडे अधिक, आणि स्वच्छतेत थोडासाच फरक. तेच १५० मिलिलीटर एका स्पंजाला एकदाच वापरून फेकले असते तर चौथा हिस्सा रंग तसाच राहिला असता.

याला उलट प्रवाहाची पद्धत म्हणतात. साखर कारखान्यात ऊस एकामागे एक लावलेल्या चार-पाच घाण्यांतून पुढे जातो. शेवटच्या घाण्याच्या अगोदर चोथ्यावर पाणी शिंपडतात, त्यातून निघालेला पातळ रस त्याच्या आधीच्या घाण्यातील चोथ्यावर, तिथला त्याच्याही आधीच्या. चोथा पुढे, पाणी मागे. कारखाना जवळ असेल तर मुलांना हे जरूर दाखवावे. आमचा अनुभव असा, की स्पंजाची कृती केलेली मुले तेथे 'पाणी कोणत्या बाजूने येते' हा प्रश्न स्वतःहून विचारतात, आणि न केलेली मुले साखर खातात. डेव्हिस तपासायला जात त्या कारखान्यांचे मनोरेही याच तत्त्वावर होते. विल्यम गॉसेज यांनी १८३६ मध्ये बांधलेल्या मनोऱ्यात आम्लाचा वायू खालून वर जाई आणि पाणी वरून खाली झिरपत येई.

गुऱ्हाळाचे सरपण

गुऱ्हाळ पाहिलेल्या मुलांना विचारावे, की चुलवाणात इतके चिपाड का लागते? 'रस उकळायचा असतो म्हणून' हे उत्तर अपुरे आहे. एका चंचुपात्रात १०० ग्रॅम पाणी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर ठेवा. उकळी यायला किती वेळ लागला ते लिहा. मग दहा मिनिटे उकळत ठेवून किती पाणी कमी झाले ते तोला आणि त्यावरून सगळे आटायला किती वेळ लागेल ते काढा. २५ अंशांचे एक ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला ७५ कॅलरी लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी ५४०. म्हणजे तापवण्यापेक्षा आटवण्याला सातपटींहून जास्त. आमच्या वर्गांत वेळाचे प्रमाण आठ ते दहा पट आले, कारण उकळत्या भांड्यातून आजूबाजूला उष्णताही जास्त जाते.

रसात १५ टक्के घन पदार्थ धरले, तर १०० किलो रसाचा ६० टक्क्यांचा पाक करताना ७५ किलो पाण्याची वाफ करावी लागते. गुळाच्या उघड्या काहिलीतून ही वाफ आकाशात जाते. त्या वाफेतच तर सगळी उष्णता आहे! ती पकडून दुसरे भांडे तापवता येईल का? येणार नाही, कारण शंभर अंशांची वाफ शंभर अंशांवर उकळणाऱ्या रसाला उष्णता देऊ शकत नाही. पण दुसऱ्या भांड्यातला दाब कमी केला तर रस कमी तापमानाला उकळेल, आणि मग देऊ शकेल.

कमी दाबाखाली पाणी कमी तापमानाला उकळते हे दाखवायला सुई नसलेली सिरिंज पुरते. ती ७० अंशांच्या गरम पाण्याने चौथाई भरा, आतली हवा काढून टाका, टोक बोटाने घट्ट दाबा आणि दट्ट्या ओढा. पाणी खळाखळा उकळते. दट्ट्या सोडला की थांबते. पाण्यात विरघळलेल्या हवेचेही बुडबुडे येतात, तेव्हा उकळून थंड केलेल्या पाण्याने हीच कृती करून फरक दाखवावा. ही युक्ती साखरेला लावली नॉर्बर्ट रिलिए यांनी, १८४० च्या दशकात. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ साली जन्मलेला हा माणूस. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. पॅरिसमध्ये शिकून परत आला तेव्हा लुइझियानातील मळ्यांवर गुलाम माणसे उकळता रस उघड्या काहिलींतून पळ्यांनी पुढे ओतत असत. रिलिए यांनी एका बंद भांड्याच्या वाफेवर दुसरे, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे चालवले. आज आपल्या साखर कारखान्यांत अशी चार किंवा पाच भांडी असतात. चार असतील तर एक किलो वाफेत सुमारे चार किलो पाणी आटते.

लहान भांडे, मोठे भांडे

ही कृती सर्वांत सोपी आहे आणि तिच्याबद्दल आम्ही सर्वांत गंभीरपणे बोलतो. एका वाटीत आणि एका मोठ्या पातेल्यात सारख्याच तापमानाचे गरम पाणी घ्या आणि दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. वाटी लवकर निवते, पातेले गरम राहते. एक सेंटीमीटरच्या ठोकळ्याची बाजू दहापट केली, तर आकारमान हजारपट होते पण पृष्ठभाग शंभरपटच. उष्णता तयार होते आकारमानात आणि बाहेर पडते पृष्ठभागातून. परीक्षानळीत जी क्रिया नुसती कोमट लागते, ती हजारो लीटरच्या टाकीत हाताबाहेर जाऊ शकते.

भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री हेच घडले. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरले. क्रियेतून निघणारी उष्णता बाहेर काढायला वाट नव्हती; टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद ठेवलेली होती. तापमान वाढले, त्याने क्रियेचा वेग वाढला, वेगाने आणखी तापमान. विषारी वायू शहरावर पसरला आणि हजारो माणसे मेली. काही शिक्षकांना वाटते, की व्यवसायाची ओळख करून देताना हे सांगू नये, मुले घाबरतील. आम्हाला तसे वाटत नाही. कारखान्याच्या कुंपणाला लागून राहणाऱ्या मुलांना ते कधी ना कधी कळतेच. कोणत्या यंत्रणा बंद होत्या हे कळले, तर तेथे कोणते काम करणारे माणूस हवे होते हेही कळते.

मुले कोठे जाऊ शकतात

शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न: याला पुढे वाव आहे का? खत, औषधे, तेलशुद्धीकरण, रंग, दूध, साखर, मद्यार्क, सिमेंट, कागद आणि सांडपाण्याचे शुद्धीकरण या सर्व ठिकाणी ही माणसे लागतात. बारावीनंतर भौतिक, रसायन आणि गणित घेऊन राज्याची सीईटी किंवा जेईई देऊन पदवीला जाता येते. मुंबई विद्यापीठाचा १९३३ मध्ये सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे जुन्या लोकांचे 'यूडीसीटी', आता इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे आणि त्याचा एक परिसर जालन्यालाही आहे. नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था १९४२ ची. डॉ. रघुनाथ माशेलकर याच यूडीसीटीचे विद्यार्थी. त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे, की विज्ञानाकडे त्यांना वळवले ते गिरगावच्या शाळेत भिंगाने उन्हात कागद जाळून दाखवणाऱ्या शिक्षकांनी.

पण सगळी मुले पदवीपर्यंत जात नाहीत, आणि व्यवसायाच्या व्याख्यानांत त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात रासायनिक अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका असते. आयटीआयमध्ये रासायनिक कारखान्यातील ऑपरेटरचा, म्हणजे एओसीपी नावाने ओळखला जाणारा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. रात्रपाळीला टाकीचे तापमान वाढते आहे हे सर्वांत आधी पाहणारा माणूस बहुधा हा ऑपरेटर असतो. त्याला वाटी आणि पातेल्याचा फरक समजलेला असणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. मुलांना सांगताना पगाराच्या आकड्यांपेक्षा कामाचे स्वरूप सांगावे: पाळ्या असतात, वास असतो, हेल्मेट आणि बूट घालून जिने चढावे लागतात.

पहिल्या शाळेत आम्ही दोन वर्षांनी पुन्हा गेलो. लाल पाण्याचा प्रश्न विचारणारी मुलगी तोवर शाळा सोडून गेली होती. या वेळी आम्ही बरोबर तुरटी नेली. ओढ्याचे पाणी हाताळायला द्यायचे नाही हे ठरलेले होते, म्हणून शेतातली माती कालवून गढूळ पाणी केले. सहा सारख्या बरण्यांत ते भरले आणि वाढत्या प्रमाणात तुरटीचे द्रावण घातले: पहिलीत काहीच नाही, मग लीटरला १०, २०, ४०, ८० आणि १६० मिलिग्रॅम. एक मिनिट जोरात ढवळले, दहा मिनिटे हळू, मग अर्धा तास तसेच ठेवले. बरणीमागे वर्तमानपत्र धरून कोणत्या बरणीतून अक्षरे वाचता येतात ते पाहिले. जलशुद्धीकरण केंद्रात हीच चाचणी करतात. 'सर्वांत स्वच्छ कोणती' एवढे विचारून थांबू नये. सर्वांत कमी तुरटीत पुरेशी स्वच्छ कोणती, हे विचारावे. तुरटीला पैसे पडतात आणि तळाशी बसणारा गाळही तिच्यामुळे वाढतो. त्या गाळाचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा एका मुलाने विचारला आणि आम्ही तो फळ्यावर लिहून ठेवला.

करून पाहणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सगळ्या कृतींना मिळून सहा तासिका पुरतात. एकच करायची असेल तर स्पंजाची करावी. सिरिंज औषधांच्या दुकानातून नवी घ्यावी, वापरलेली कधीही नको. गरम पाणी ७० अंशांच्या वर नेऊ नये आणि ते सिरिंजमध्ये शिक्षकांनीच भरावे. तोलायला किराणा दुकानाचा एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा चालतो. सरबत प्रयोगशाळेच्या भांड्यांत करू नये. तुरटीचे द्रावण आदल्या दिवशी करून ठेवावे: एक ग्रॅम तुरटी एक लीटर पाण्यात, म्हणजे १० मिलिलीटरमध्ये १० मिलिग्रॅम येते आणि मुलांना मोजायला सोपे जाते.